खर्जाचे ओझे

वसईच्या एका वाडीत, माडांच्या नि केळींच्या मधून वळत गेलेल्या वाटेच्या टोकाशी असलेल्या बैठ्या घराच्या ओटीवर, वाशाला अडकवलेल्या ताणकाट्याच्या आकड्याला मी एक जुनी बेस गिटार सुती नाडीने टांगली, तिचे डोलणे थांबेपर्यंत हात मागे घेऊन उभा राहिलो, आणि काटा तीन किलो दोनशे ग्रॅमांच्या रेघेवर येऊन ठरला तेव्हा, ज्या वाद्याचा शोध मी तीन वर्षे करीत होतो ते हेच असावे, असे नाडीची गाठ सोडण्यापूर्वीच मनाने घेतले. वाद्याचे मालक वयाने सत्तरीच्या पुढचे. लग्नाच्या बँडमध्ये आणि चर्चच्या गायनवृंदात त्यांची उभी हयात गेलेली. वेताच्या खुर्चीतून ते हे सारे शांतपणे पाहत होते.

“काटा घेऊन आलात, हे बरे केलेत,” ते म्हणाले. “गिऱ्हाईक आवाजाचे विचारते, कंपनीचे विचारते. वजनाचे कुणी विचारीत नाही. आणि मग रात्री खांद्याला तेल चोळीत बसते.”

ते तेल मी चोळले आहे. गणेशोत्सवापासून कोजागिरीपर्यंतच्या दिवसांत हौशी वाद्यवृंदातून जुनी चित्रपटगीते वाजविण्यात माझी सव्वीस वर्षे गेली, आणि त्यांपैकी अठरा वर्षे जी गिटार माझ्या डाव्या खांद्यावर होती तिचे वजन, जे मी दुखणे सुरू झाल्यावरच प्रथम मोजले, ते चार किलो सातशे ग्रॅम भरले. पावणेपाच किलो म्हणजे काही धान्याचे पोते नव्हे. परंतु तेच वजन दोन बोटे रुंदीच्या पट्ट्यावरून एकाच खांद्यावर, एकाच जागी, साडेतीन तास उभ्याने पेलावयाचे, आणि ज्या बाजूच्या स्नायूंवर हा भार त्याच बाजूच्या हाताने जाड तारा दाबावयाच्या, म्हणजे शरीराकडून एकाच वेळी हमालीची आणि कशिद्याची अशी दोन कामे करून घेण्यासारखे आहे. अनामिकेला नि करंगळीला मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टरांनी तपासून वाद्य सोडा असे सांगितले नाही. ओझे कमी करा, रुंद पट्टा घ्या आणि मध्यंतरात गिटार खाली ठेवा, एवढेच सांगितले. या एका विवेकाबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

ज्यांना हे वाद्य ठाऊक नाही त्यांना, एवढा खटाटोप कशासाठी, असे वाटणे साहजिक आहे. कारण श्रोत्याच्या कानाला बेस गिटार स्वतंत्रपणे फारशी जाणवतच नाही. तिची सर्वांत जाड तार मोकळी छेडली असता सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते, म्हणजे नेहमीच्या गिटारच्या सर्वांत जाड तारेच्याही एक सप्तक खाली बोलते, आणि तेथे स्वर कानाने जितका ऐकावयाचा तितकाच छातीने घ्यावयाचा असतो. आपल्याकडे पहाटे उठून खर्जाचा रियाज करणारा गवई जे करतो त्याच जातीचे हे काम आहे: मैफलीत तो खर्ज कुणी वाखाणीत नाही, परंतु वरचा तारषड्ज ज्या पायावर उभा राहतो तो पाया तोच असतो. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांची बेस गिटार असे. आणि १९८२ साली सिंथेसायझरवर रागांना डिस्कोच्या लयीत बसविणारे चरणजित सिंग हेही मुंबईच्या ध्वनिमुद्रणांतून बेस वाजवीत आलेले. त्या काळातली कोणतीही ध्वनिमुद्रिका लावून केवळ खालच्या स्वरांचा माग काढीत ऐकावी. गाणे ज्याच्या खांद्यावर चालले आहे तो इसम मग ओळखू येतो.

वास्तविक ओझ्याच्या प्रश्नातूनच या वाद्याचा जन्म झाला, ही गोष्ट वजनदार गिटारची भलामण करणारे विसरतात. पूर्वी खर्जाचे काम माणसाहून उंच अशा उभ्या डबल बेसकडे असे. ते वाद्य मोटारीच्या टपावर बांधून न्यावे लागे, आणि ढोल-कर्ण्यांच्या गजरात त्याचा आवाज बुडून जाई. १९३०च्या दशकात अमेरिकेतील सिएटल शहरी पॉल टटमार्क यांनी आडवा धरावयाचा विद्युत बेस बनविला होता, पण तो रुजला नाही. पुढे १९५१ साली कॅलिफोर्नियातील फुलरटन गावी लिओ फेंडर यांनी लाकडाच्या भरीव फळीचे, चौतीस इंच तारेचे आणि पडदे बसविलेले वाद्य बाजारात आणले. पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो म्हणून त्याला त्यांनी ‘प्रिसिजन’ हे नाव दिले, आणि वादकाची त्या उभ्या कपाटातून सुटका केली. पुढे जर्मनीतील होफ्नर कंपनीने १९५६ साली व्हायोलिनच्या घाटाचा पोकळ बेस काढला. हॅम्बुर्गमध्ये १९६१ साली पॉल मॅकार्टनी यांनी तो घेतला, आणि अडीच किलोंच्या आसपासच्या त्या वाद्यावर बीटल्सच्या गाण्यांचा खर्ज उभा राहिला. याउलट १९७०च्या दशकात जड ॲश लाकडाची धडे प्रचारात आली आणि पाच किलोंच्या घरातली वाद्ये दुर्मीळ राहिली नाहीत. त्यावर १९८०च्या सुमारास नेड स्टाइनबर्गर यांनी गिटारचे डोकेच काढून टाकले, खुंट्या धडाच्या शेवटाशी आणल्या आणि लाकडाच्या जागी कार्बनतंतूंचे मिश्रण वापरले. तेही वाद्य उत्तम बोलले.

एवढा पुरावा समोर असता ‘वजन तितका नाद’ हे वाक्य वादकांच्या बैठकीत अद्याप प्रमाणवचनाप्रमाणे उच्चारले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण त्या वाक्यापायी तरुण मुले अठराव्या वर्षी जड वाद्य घेतात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी खांदा धरून बसतात. भरीव गिटारमध्ये नादाचा मोठा हिस्सा तारा, त्यांची कंपने टिपणाऱ्या पिकअपचे स्थान, वादकाची बोटे आणि पुढचा ध्वनिवर्धक यांचा असतो; लाकडाचा वाटा असलाच तर तो त्याच्या किलोंवरून ठरत नाही. पातळ कडांचे बासवूडचे धड, अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांच्या पाणथळीतले हलके ॲश, किंवा अलीकडे वापरात आलेले पाऊलोनिया, जे हातात घेतले तर थर्माकोल उचलल्याचा भास व्हावा, यांवर उत्तम वाद्ये घडली आहेत.

हलकेपणाचा खरा दोष निराळा आहे, आणि तो कुणी सांगत नाही म्हणून येथे सविस्तर सांगतो. धड हलके झाले तरी लांब मान आणि तिच्या टोकावरच्या चार धातूच्या खुंट्या होत्या तेवढ्याच जड राहतात. त्यामुळे गळ्यात अडकवलेली गिटार हात सोडताच डोक्याच्या बाजूने जमिनीकडे झुकते, आणि ते झुकणे थोपविण्यासाठी डावा हात नकळत मानेखाली टेकू देत राहतो; खांद्यावरून उतरलेला भार असा मनगटावर येऊन बसतो. धडाचे वरचे शिंग, ज्याला पट्ट्याची खुंटी लावलेली असते, ते बाराव्या पडद्याच्या जितके जवळ पोहोचेल तितका तोल चांगला राहतो. तोल थोडाच ढळत असेल तर आतून खरबरीत कातड्याचा रुंद पट्टा पुरतो; अधिक ढळत असेल तर हलक्या धातूच्या खुंट्या बसवाव्या लागतात. तेव्हा दुकानात वा कुणाच्या घरी वाद्य पाहताना आधी ते पट्ट्याने गळ्यात घालावे, दोन्ही हात सोडून स्तब्ध उभे राहावे, आणि मगच तारेला हात लावावा. हा क्रम मी कधीही मोडत नाही.

या तीन वर्षांत मी सात वाद्ये पाहिली. ‘एकदम हलकी आहे’ असे फोनवर सांगणाऱ्यांपैकी एकानेही ती तोललेली नव्हती, आणि माझ्या काट्यावर त्यांतली चार तर साडेचार किलोंच्या वर गेली. एका विक्रेत्याने डोक्याजवळची चीर सरस भरून, वरून रंगाचा हात देऊन इतक्या सफाईने दडविली होती, की तिरप्या उन्हात धरल्यावर रंगाची चकाकी एका बोटभर पट्टीत निराळी पडली नसती तर माझे पैसे गेलेच होते. म्हणून जुने वाद्य दिवसा पाहावे.

वसईची गिटार इंडोनेशियात बनलेली, बासवूडच्या पातळ धडाची, गळ्यात घातल्यावर जागच्या जागी राहणारी होती. परंतु वाजवून पाहिली तेव्हा पहिल्या चार पडद्यांवर प्रत्येक स्वर खरखरू लागला. “तेच तर दुखणे आहे,” मालक म्हणाले. “एका दुकानात नेली होती. पडदे गेले, मान कामातून गेली, चार हजार देतो म्हणाले. मी परत आणली. माझी सांधे धरलेली बोटे आता वळत नाहीत; पण म्हणून भंगाराच्या भावाने द्यायची?”

मी गिटार गुडघ्यावर आडवी घेतली, तारा सुरात आणल्या, जाड तार एका हाताने पहिल्या पडद्यावर आणि दुसऱ्या हाताने धड सुरू होते तिथल्या पडद्यावर दाबली. अशी दाबलेली तार ही स्वतःच एक सरळ पट्टी होते, आणि मधल्या सातव्या-आठव्या पडद्यापाशी तिच्याखाली जाड व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट दिसली पाहिजे, कारण कंप पावणारी तार मध्यभागी अधिक झोके घेते आणि त्या झोक्याला जागा लागते. येथे फट मुळीच नव्हती. तार मधल्या पडद्यांवर निजलेली होती. अर्थात मान मागे वाकलेली होती. मी विचारले, “तारा किती दिवस सैल होत्या?”

“सहा वर्षे,” ते म्हणाले. “वाद्यावर ताण नको, म्हणून मीच उतरवून ठेवल्या.”

त्या काळजीनेच अपाय केला होता. चार तारा सुरात असताना मानेवर एकंदर सुमारे ऐंशी किलोंची ओढ असते. ती ओढ मानेला पुढे वाकवू पाहते, आणि मानेच्या पोटात बसविलेली ट्रस रॉड नावाची पोलादी सळई तिला मागे खेचून समतोल राखते. तारा उतरविल्या पण सळई आवळलेलीच राहिली. मग तिला प्रतिपक्षच उरला नाही, आणि सहा वर्षे ती एकटी मानेला मागे ओढीत बसली. पडद्यांवर झीज होती, पण ती बोटाला लागेल न लागेल एवढीच. मालकांच्या परवानगीने मी पाना लावून सळईचा नट डावीकडे एक अष्टमांश फेरा फिरविला. तो कुरकुर न करता फिरला, आणि हीच या साऱ्या तपासणीतली निर्णायक बाब होती. कारण जुन्या गिटारमध्ये पडदे बदलता येतात, पिकअप बदलता येते, परंतु हा नट गंजून जाम झाला असेल किंवा त्याचे आटे गेले असतील तर दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या किमतीपलीकडे जातो.

त्यांना जे माहीत नव्हते ते आता मला माहीत होते, आणि ते न सांगता भाव पाडणे मला शक्य नव्हते. मान मेलेली नाही, अवघडली आहे, ती बहुतेक सुधारेल, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांनी सोळा हजार मागितले होते. थोडा वेळ अंगणाकडे पाहत राहून ते म्हणाले, “मग चौदा द्या. दोन हजार तुमच्या कारागिराचे. पण ठीक झाली की एकदा आणून दाखवा.” वहीच्या कागदावर मानेमागचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या, अशी रीतसर पावती झाली. जुन्या वाद्याच्या व्यवहारात हा दस्तऐवज मी नेहमी मागतो, कारण उद्या मालकीचा प्रश्न निघालाच तर तोंडी कैफियत कामाला येत नाही.

धोबीतलावच्या परिसरात, जेथे १८६५ साली स्थापन झालेल्या फुर्तादो यांच्या दुकानापासून मुंबईच्या पाश्चात्य वाद्यांचा व्यवहार वाढत गेला, तेथल्याच एका गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत माझे कारागीर बसतात. मूळचे सावंतवाडीकडचे, बोलणे कमी, हात स्वच्छ. त्यांनी मान डोळ्यासमोर धरून कडेने पाहिली, सळई आणखी थोडी सैल केली, नव्या चपट्या वेटोळ्यांच्या तारा चढविल्या, सुरात आणल्या आणि गिटार भिंतीला टांगून ठेवली. या चपट्या तारा बोटाला गुळगुळीत, आवाजाला गोल. डेट्रॉइटच्या मोटाउन ध्वनिमुद्रणांतील जेम्स जेमर्सन यांचा खर्ज असल्याच तारांचा. माझ्या जुन्या गाण्यांना त्या साजतातच, शिवाय त्यांची ओढ अंमळ अधिक असल्याने अवघडलेली मान पुढे येण्यास त्यांचे साह्य होणार होते.

“आता कधी येऊ?” मी विचारले.

“पंधरा दिसांनी या. लाकडाक वेळ दिवक व्हयो.”

पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा आठव्या पडद्याखाली फट आली होती. फीलर गेजच्या पातळ पात्या एकेक सरकवीत त्यांनी ती मोजली आणि ०.३ मिलिमीटरवर सळई कायम केली. मगच ते घोडीकडे वळले. कारण मानेचा बाक ठरण्यापूर्वी तारांची उंची लावणे म्हणजे चौथरा बसण्यापूर्वी दार बसविणे. सतराव्या पडद्यापाशी जाड तार २.४ मिलिमीटर, बारीक तार २ मिलिमीटर; मधल्या दोन त्या उताराने. मग सुराची अचूकता. तार बरोबर मध्यावर, बाराव्या पडद्याच्या डोक्यावर, नुसती स्पर्शून छेडली की एक सप्तक वरचा स्वर निघतो, आणि तोच स्वर तार तेथे दाबून काढला की दाबण्याच्या ताणामुळे तो किंचित चढतो. हा चढ निघून जाईपर्यंत घोडीवरची त्या तारेची बैठक मागे न्यावयाची, उतरत असेल तर पुढे आणावयाची. जाड तारेला हा ताण अधिक बाधतो, म्हणून तिची बैठक सर्वांत मागे जाते. समुद्रकाठच्या हवेने यातला एक स्क्रू गंजला होता. त्यावर त्यांनी तेलाचा थेंब सोडला, आणि तो सुटेपर्यंत घाई न करता चहा मागविला.

त्या चहाच्या वेळी मला मिरजेची आठवण झाली. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी तेथे तंबोरे घडविण्याचा व्यवसाय उभारला, आणि मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागीर घोडीचा माथा कानसेने किती अलगद घासतो हे मी तासन्‌तास पाहिले आहे. जवारी काढणे म्हणजे तारेला घोडीच्या माथ्यावर इतक्या हळुवारपणे घासू द्यावयाचे की त्या घासण्यातून स्वरांचा झंकार उमलावा. तारेखालचा सुती धागा केसभर सरकला तरी तो झंकार मावळतो. बेस गिटारवर अगदी उलट: तार कशालाही न घासता, परंतु घासण्याच्या जितके जवळ नेता येईल तितके जवळ न्यावयाची. एकाला जो स्पर्श हवा तोच दुसऱ्याला नको. पण दोघांच्याही हाताला कागदाच्या जाडीइतक्या अंतराचा जो अदमास लागतो तो एकच आहे, आणि दोघेही शेवटचा निवाडा मापकावर न सोडता कानावर सोडतात. माझ्या कारागिरांनी गेज बाजूला ठेवून प्रत्येक तारेचा प्रत्येक पडदा वाजविला. नवव्या पडद्यावर जाड तार पुसट करकरली, तेव्हा त्यांनी ती पाव मिलिमीटरहून कमीच उचलली आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवीत आले.

आवाजाचे बटण फिरविताना होणारी करकर फवाऱ्याने धुतल्यावर गेली. पिकअप जाड तारेखाली किंचित उतरविले. बाकी विद्युतभागाला हात लावावा लागला नाही.

त्यानंतरचा पावसाळा या गिटारने माझ्याकडे काढला. आपल्या किनाऱ्याच्या हवेत मान ऋतूगणिक थोडी हालते, त्याला इलाज नाही. जुलैत एकदा आणि ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात एकदा सळईला अष्टमांशाहून कमी फेरा द्यावा लागला. नवरात्रात सलग तीन रात्री कार्यक्रम झाले. तिसऱ्या रात्री घरी आल्यावर करंगळी उघडझाप करून पाहिली. मुंग्या नव्हत्या.

कबूल केल्याप्रमाणे दिवाळीच्या आधीच्या रविवारी वसईला गेलो. त्यांनी गिटार गळ्यात घातली नाही. मांडीवर घेतली, आणि वळेनाशा बोटांना बाजूला ठेवून केवळ अंगठ्याने षड्ज आणि पंचम, षड्ज आणि पंचम, असा लग्नाच्या वॉल्ट्झचा ठेका सावकाश धरला. एकही पडदा खरखरला नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी हात थांबविला, वाद्य उलथे करून शेवटाकडची पट्ट्याची खुंटी बोटाने हलविली, आणि ती डुगडुगली.

“हलके लाकूड,” ते म्हणाले. “स्क्रूला धरीत नाही. ही एक दिवस तुमच्या पायावर पडेल.”

त्यांनी नातवाला वेदीपाशी मेणबत्तीजवळ ठेवलेली काड्यापेटी आणावयास सांगितली. खुंटीचा स्क्रू काढून घेतला, दोन काड्यांची गुले मोडून टाकली, काड्या सरसात बुडवून भोकात दाबल्या, वर आलेली टोके चाकूने सपाट कापली आणि सरस थोडा धरू दिला. मग स्क्रू परत बसवून, पेचकस माझ्या हाती देत ते म्हणाले, “शेवटचा पीळ तुम्ही द्या. माझ्या हातात जोर नाही.”